पातळी दोन बोटं खाली

अठरा वर्षं मी फुमिएताईच्या मागून टँकर घेऊन फिरलो. ती अंगणातल्या सेप्टिक टाक्या तपासायची आणि ती सांगेल त्या घरचा गाळ मी उपसायचो. जपानमधल्या आमच्या कोचीकडच्या डोंगरात गटारलाइन कधी आली नाही, त्यामुळे घर तिथे टाकी. वरच्या वाड्यांमध्ये नळही नाहीत, घरोघर आपापली विहीर. अशी एकशे चाळीस घरं कुसुनोसे फुमिए या एका बाईकडे होती.

आधी ती युझू लिंबं भरण्याच्या शेडमध्ये कामाला होती. शेड बंद पडली आणि चौतिसाव्या वर्षी परीक्षा देऊन तिने हा परवाना काढला. तेव्हा लोक हसले. "बाई, नाक कुठे ठेवून येणार?" असं एकाने विचारलं, तर ती म्हणाली, "नाक तर पहिलं लागतं. वास बिघडला की समजायचं, आतले मैला पचवणारे जिवाणू मेले."

खरंच तिला वासावरून घर कळायचं. एकदा झाकण उघडून तिने घरमालकाला विचारलं, "कुणाला औषधं चालू आहेत का? जोराची?" त्याच्या बायकोला होती. त्यांनी ती गोष्ट कुणालाच सांगितली नव्हती. ताईनेही पुढे कुणाला सांगितली नाही. मला कळलं ते बाई बरी झाल्यावर, तिच्याच तोंडून.

कुरोइवा वाडीत ओकाबायाशी तात्सु नावाच्या आजी एकट्या राहायच्या. वय एक्याऐंशी. त्यांच्या सासऱ्यांनी हाताने खणलेल्या विहिरीचा त्यांना फार अभिमान. खाली गावापर्यंत नळ आला तेव्हा तो वरही द्यायला आलेल्या साहेबांना त्यांनी दारातूनच परत पाठवलं होतं.

एका वर्षी जूनमध्ये आम्ही गेलो तर आजी निम्म्या झालेल्या. टाकी तपासून ताई ओट्यावर बसली.

"आजी, जेवत नाही का?"

"पोटात राहत नाही. तीन आठवडे झाले. डॉक्टर म्हणतो, वय झालं."

"विहिरीचं पाणी एकदा तपासू या का?"

आजींचा चेहरा बदलला. "जन्मभर घाणीत हात घातले ना तू, म्हणून तुला सगळीकडे घाण दिसते. साठ वर्षं पितेय मी हे पाणी."

मला राग आला. ताईला आला असला तरी दिसला नाही. ती म्हणाली, "मग चांगलंच निघेल. तसा शिक्क्याचा कागद आणून देते. पुन्हा नळवाले आले की त्यांच्या तोंडावर मारा."

हे आजींना पटलं. बाटली त्यांनी स्वतः भरून दिली.

आठवड्याने कागद आला. पाण्यात मैल्यातले जिवाणू होते.

ताईने आधी आजींची टाकी पूर्ण उपसायला लावली. बॅटरी घेऊन आत वाकून एकेक भिंत बघितली. टाकी धड होती. मग ती टँकरमध्ये येऊन बसली. चढावर, आजींच्या विहिरीपासून पंचवीसेक पावलांवर एकच घर होतं. ओसाकाहून आलेलं शिगेमात्सु जोडपं तिथे भाड्याने राहायचं.

"मुनेओ," ती म्हणाली, "झाकण बंद असताना टाकीतलं पाणी आपोआप आटतं का?"

"नाही."

"फेब्रुवारीत मी गेले तेव्हा ही दोघं आठ दिवस गावाला गेलेली. पातळी दोन बोटं खाली होती. मी बघितलं. सासूबाईंना दवाखान्यात न्यायचं होतं, उशीर झाला होता. मी 'ठीक' लिहिलं आणि निघाले."

मी तिला म्हणालो, आणि हे सांगायला मला आजही लाज वाटते, "कुणाला कळणार आहे, ताई? मेच्या पावसात तडा गेला म्हणायचं."

"मला कळणार ना," ती म्हणाली आणि दार उघडून चढ चढायला लागली.

शिगेमात्सुंना सांगून तिने त्यांच्या संडासात हिरवा रंग ओतला. त्याच दुपारपासून आजींसाठी प्यायचं पाणी डब्यांतून आणायला सुरुवात केली. चौथ्या दिवशी सकाळी विहिरीची बादली वर आली ती फिकट हिरवी. शिगेमात्सुंची टाकी मी उपसली. तळाच्या कोपऱ्यात वीतभर तडा होता आणि त्यातून झाडाचं मूळ आत आलं होतं.

ताई आजींसमोर गुडघे टेकून बसली. फेब्रुवारीचं सगळं सांगितलं, सासूबाईंचा दवाखाना सोडून. शेवटी म्हणाली, "तुमचं पाणी चांगलंच होतं. माझ्यामुळे खराब झालं."

आजींनी काठी घेतली. उठून आत गेल्या आणि दार ओढून घेतलं.

कंपनीत तिने लेखी दिलं. मालकाने सहा महिने तिचा फेरा काढून घेतला, तिला कार्यालयात बसवलं. दोन वाड्यांमधून तर 'आम्हाला ही बाई नको' असे फोन आले. मालकाची परवानगी काढून ती रविवारी एकशे चाळीस घरं पुन्हा तपासायला लागली. मी टँकर घेऊन जायचो. काही ठिकाणी लोकांनी दारही उघडलं नाही, खिडकीतून बघत राहिले. आणखी एक टाकी गळकी सापडली, तिच्या आसपास विहीर नव्हती हे नशीब.

आजींकडे पाण्याचे डबे एक दिवसाआड पोचत होते. ताई ओट्यावर ठेवायची आणि निघायची. रिकामे डबे धुऊन पालथे घातलेले असायचे, पण माणूस दिसायचं नाही. मध्यंतरी शिगेमात्सुंकडे नवी टाकी बसली. आम्ही विहीर तीनदा उपसली, क्लोरीन टाकलं, महिनाभर थांबलो, पुन्हा तपासली. ऑगस्टमध्ये आजींचं पोट ताळ्यावर आलं. सप्टेंबरात एक दिवस ओट्यावर डब्यांशेजारी स्वतः आजी बसलेल्या होत्या.

"सासू कशी आहे?" त्यांनी विचारलं.

ताई गोंधळली. मग माझ्याकडे बघितलं. मी नजर चुकवली.

"गेल्या महिन्यात वारल्या," ती म्हणाली.

"आधी सांगायचं होतंस."

"ती सबब झाली असती, आजी."

"सबब नाही. कारण होतं." आजी काठी टेकत उठल्या. "चूक चूकच आहे, ती मी विसरणार नाही. पण आत ये. ऊन लागतंय."

दुसऱ्या दिवशी आजींनी मालकाला फोन केला. मी तिथेच होतो. पलीकडचं बोलणं ऐकू येत नव्हतं, पण मालक चार वेळा "हो, हो" म्हणाला आणि फोन ठेवून म्हणाला, "म्हातारी म्हणते, आपली चूक आपण होऊन सांगणारी दुसरी कुणी असेल तर तिला पाठवा, नाहीतर हिलाच." तरी सहा महिने पूर्ण झाल्यावरच ताईला फेरा परत मिळाला. विरोध करणाऱ्या दोन वाड्यांपैकी एकीने तिला शेवटपर्यंत घेतलं नाही. त्याबद्दल ती कधी कुरकुरली नाही.

आजी आणखी पाच वर्षं जगल्या, त्याच विहिरीचं, आता तपासून चांगलं ठरलेलं पाणी पीत.

मागच्या वसंतात ताई निवृत्त झाली. नवीन मुलींना शिकवायला कंपनी तिला अधूनमधून बोलावते. तेव्हा ती ही हकीकत सांगते. घराचं नाव घेत नाही, वाडीचं घेत नाही. चूक कुणाची ते मात्र पहिल्याच वाक्यात सांगून टाकते.