सरासरी खुबा

संशयाचे किस्से गोळा करावे लागत नाहीत. सीटी स्कॅनच्या खोलीबाहेर खुर्ची टाकून बसलं की झालं!

अलिबागजवळच्या एका सेंटरमध्ये मी टेक्निशियन. आमच्या डॉक्टर मॅडम खुब्यांचे स्कॅन जमवतात. त्यातून कम्प्युटर खुब्याचा सरासरी आकार काढतो, माणसामाणसात तो किती बदलतो तेही शिकतो, आणि मग मोडलेलं हाड आधी कसं असेल ते सांगतो. पण आत्तापर्यंत त्यानं पाहिलेली सगळी हाडं शहरातली. आमच्याकडची मिळाली नाहीत, तर इथल्या माणसालाही शहरी मापाचाच सांधा बसणार. म्हणून पेशंटची सही हवी, आणि ती मिळवायचं काम माझं.

सही म्हटलं की आमच्याकडे माणसाला आधी सातबारा आठवतो!

*

चौलचे एक बागायतदार आपल्या वकील भाच्याला घेऊन आले. त्यानं फॉर्म तासभर वाचला.

"मामा, सही करू नका. यात संशय घेण्यासारखं काहीच नाही. इतका सरळ कागद कोण करतं?"

*

पालीचे एक ट्रकमालक. "माझं नाव कुठं येनार न्हाय ना?"

"नाही, फक्त नंबर."

"का? मी काय चोरी केलीय, नाव लपवायला?"

"बरं, नाव टाकतो."

"बघा! शेवटी नावच पायजे व्हतं तुम्हाला!"

*

रेवसच्या मावशींनी सही केली, पण पोचपावती मागितली. स्कॅन मुंबईला जाणार, परत येणार नाही, मग पुरावा काय? शेवटी शिक्का मारून लिहून दिलं: 'डावा खुबा, एक नग, मिळाला.'

*

लोकांना विश्वास वाटावा म्हणून मी माझाही स्कॅन दिला. मॅडमनी स्क्रीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाल्या, "हं."

"हं म्हणजे?"

"नॉर्मल आहे."

नॉर्मलला कुणी "हं" म्हणतं का? तेव्हापासून मी जिना जपून चढतो.

*

आणि जनाबाई आजी. सगळं आयुष्य पेणकडच्या मिठागरात गेलं. पडून उजवा खुबा मोडला, चार दिवसांवर ऑपरेशन. उजव्याचं मूळ माप कळावं म्हणून मॅडमनी आधी तिचा शाबूत डावा खुबा कम्प्युटरला दाखवला. त्यानं तो लाल केला: 'आकार शंकास्पद'. मॅडमचा संशय माझ्यावर! मी पुन्हा स्कॅन काढला. पुन्हा लाल.

"मग सरासरी मापाचाच सांधा मागवू," मॅडम म्हणाल्या. मला ते पटलं नाही, पण माझं कोण ऐकतंय!

"कोनाच्या मापाचा?" आजीनं विचारलं.

मॅडमनी स्क्रीन तिच्याकडे वळवला. सरासरी खुबा संथ गोल फिरत होता, अगदी गुळगुळीत.

"यो कोन?"

"कुणी एक नाही, आजी. सगळ्यांचा मिळून."

आजीनं तो पुढून पाहिला, मागून पाहिला.

"यानं कंदी मीठ वढलेलं दिसत न्हाय."