मुंडी खाली

केस गळतात म्हणून कुणी गुलाबकाकांच्या मेडिकलमध्ये गेलं, की काका औषधाकडे वळतच नसत. आधी म्हणत, "टोपी काढ. मुंडी खाली." गिऱ्हाईक काउंटरवर वाकलं की ट्यूबलाइटखाली डोकं न्याहाळून निकाल सांगत, तोही बाहेर पानठेल्यावर ऐकू जाईल असा. एकाला म्हणाले, "इथं आता पेरनी होत नाई. प्लॉट पाडून इकून टाक." त्यांच्या स्वतःच्या डोक्यावर केस औषधालाही नव्हता. कुणी टोमणा मारलाच तर म्हणत, "मी औषध इकतो, जाहिरात नाई."

मी संत्र्याच्या बागा घेणारा व्यापारी. तळेगावात हमालीपासून सुरुवात केली. आज झाडाकडे नुसतं पाहून भाव पाडतो. लग्नाच्या वयात टाळू दिसू लागली आणि दोन स्थळं हातची गेली, तेव्हा मीही त्या काउंटरवर वाकलो. "जमीन जित्ती हाय," काका म्हणाले. मी जाहिरातीतलं महागडं तेल मागितलं. त्यांनी उघडी बाटली माझ्या नाकाशी धरली आणि झाकण लावलं. "वास घेतला नं? झाला तेवढाच फायदा. आता डाक्टरले दाखव, तो लिहीन ते लाव."

डॉक्टरांनी डोक्याला लावायचं औषध लिहून दिलं. "पाच रुपये कमी करा नं काका," मी म्हणालो. त्यांनी छापील किमतीवर बोट ठेवलं. अख्ख्या बागेचा भाव खाली आणणारा मी, पण ते पाच रुपये माझ्याच्यानं कधी सुटले नाहीत. तो सल अजून आहे.

महिन्याभरात केस आणखीच गळू लागले. बाटली घेऊन मी भर बाजारात भांडायला गेलो.

"काऊन बोंबलून राह्यला बे? जुने भाडेकरू निंगून राह्यले. नवे याले येळ लागते."

चार महिन्यांनी नवे आले. मग लग्नही जमलं. मांडवात काका कानाशी येऊन म्हणाले, "हे औषध आन् लगन, दोनी रोजचं काम. सुटी नाई."

मागच्या हिवाळ्यात काका गेले. मुलगा नव्हता; दुकान मुलगी शीतल सांभाळते. दहाव्याला नदीवर त्यांच्या पुतण्यांच्या रांगेत मीही न्हाव्यापुढे बसलो. त्याचा वस्तरा थबकला. "शेठ, तुमी त सोयरेबी नाई. एवढ्या मेहनतीचे केस..."

"कर," मी खेकसलो. "त्याइचेच हायेत."

दुकान पुन्हा उघडलं तेव्हा टोपी घालून गेलो. "शीतल, बाटली दे. आन् आता तरी पाच रुपये सोड."

ती थेट बापाच्या सुरात म्हणाली, "भाऊ, आधी मुंडी खाली."

मी टोपी काढून वाकलो. भादरलेलं डोकं पाहून तिनं बाटली माझ्यापुढे सरकवली. मग ती हळूच म्हणाली, "पाच कमी द्या."

इतक्या वर्षांनी सौदा जिंकलो होतो. आणि मूर्खासारखी छापील किंमत मोजून आलो. त्याबद्दलही मला राग काकांचाच येतो.