खुडूक कोंबडी बुचकळताना

मैत्रिणींनो, आज फार दमले.

विकतची अंडी नकोत म्हणून परसात कोंबड्या पाळल्यात. त्यातली लाल खुडूक झालीय. अंडी देणं बंद, रिकाम्या खुराड्यात नुसती बसून राहते. सासूबाई म्हणाल्या, "पाण्यात बुचकळ, खुडूक मोडंल. न्हाईतर रविवारी कापू."

देवपूजा आटोपून तिला बादलीत बुचकळलं. थरथरत ती पुन्हा तिथंच जाऊन बसली. दुपारीही तेच. संध्याकाळी मात्र माझेच हात उठेनात.

शेजारच्या शमीमभाभींकडे कोंबडा आहे, त्यांच्या अंड्यांतून पिल्लं निघतात, म्हणून ती आणून तिच्याखाली ठेवली. आता ती पिल्लं काढेल, कापायचं टळलं. भाभी म्हणाल्या, "तिला बसू द्या. तुमी बी बसा जरा."

खुराड्याशेजारी टेकले, तेव्हा कळलं, सकाळपासून पहिल्यांदाच बसतेय.

तुम्ही आज कधी बसलात?