शैलाताईचं मनगट

शैलाताई कुठलाही डबा हातात आला की आधी कानाशी धरून हलवायची. दापोड्याच्या गोडाऊनमध्ये परत आलेला माल तपासायचं आमचं काम, तिथे ठीक आहे, पण ती माझा टिफिनसुद्धा हलवायची! "ताई, भेंडी आहे," म्हटलं तर म्हणे, "बघितल्याशिवाय भेंडी न्हाय."

अख्ख्या लॉटमधला एक पीस उघडायचा, मगच सही. गाडी ताटकळू दे, सुपरवायझर ओरडू दे. माझं लग्न ठरलं तेव्हाही तिचा पहिला प्रश्न, "पोरगा बघितलास, का नुसतं पॅकिंग?"

साखरपुडा जवळ आलेला आणि गालांवर पिंपल्सचे हे डाग! एका पार्लरवालीने सांगितलं, पील कर, वरची कातडी निघते, खालून एकदम फ्रेश चेहरा. मी तर नाचलेच. ताईने डोळे बारीक केले. "सोलतात? बटाटा हायस काय तू?" आणि शिफ्ट सुटल्यावर माझ्यामागे आलीच.

पार्लरवालीने बिनालेबलची बाटली काढली. ताईने ती कानाशी हलवली. खरंच! वास घेतला. मग म्हणाली, "पहले तुम्हारे हाथ को लगाव."

"मेरी स्किन सेन्सिटिव्ह है, आंटी."

"और इसकी क्या पत्रे की हाय?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "ताई, सगळ्याजणी करतात, कशाला नाटक!" मी केस बांधून खुर्चीत बसलेसुद्धा. तेव्हा तिने बांगड्या वर सरकवल्या आणि मनगट पुढे केलं. "इधर लगाव. एक पीस."

थोड्याच वेळात तिचे दात आवळले. "थोडा जलता ही है," पार्लरवाली म्हणाली. ताईने एक हात नळाखाली धरला आणि दुसऱ्याने मला खुर्चीतून ओढलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या मनगटावर फोड होता. मग काळा चट्टा, राहिला तो राहिलाच.

साखरपुड्याच्या फोटोत माझे डाग तसेच आहेत. नंतर स्किनच्या डॉक्टरकडे गेले, तर त्यांनी आधी कानामागे थेंबभर औषध लावून बघितलं. ताईला सांगितलं. "हा डॉक्टर बरा दिसतोय," म्हणाली. "तरी डिग्री बघून घे."

यंदा नोकरी सोडून ती मुलाकडे नाशिकला गेली. निघताना मी विचारलं, "ताई, तुला माहीत होतं भाजणार ते?"

"माहीत असतं तर लावलं असतं काय गं? संशय होता नुसता."

मी तिच्यासाठी घड्याळ आणलेलं, रुंद पट्ट्याचं, चट्टा झाकेल असं. तिने आधी बॉक्स कानाशी हलवला. मग घड्याळ दुसऱ्याच हातात बांधलं.

"हा हात उघडाच राहू दे. सुनेला दाखवायचाय. ती पण कसल्या कसल्या क्रीम मागवते."