सड्यावरचा जाळ

"हीच ती बाई. नीट बघून ठेवा."

फॉरेस्टच्या साहेबांनी माझ्या आईला शाळेच्या व्हरांड्यात सगळ्या पोरांसमोर उभं केलं. वणवा थांबवा, असा कार्यक्रम होता. पाहुण्यांना शाल, नारळ. आईला कान धरायला लावले. "म्हण, मी जंगल जाळलं. पुन्हा जाळणार नाही." तिचा आवाज फुटेना, तर माईक तोंडाला लावला. आई म्हणाली. मी सातवीत होते, मुलींच्या रांगेत पुढंच. कुणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच. आमच्याच म्हशीच्या दुधावर वाढलेल्या पोरांनीसुद्धा.

आम्ही चंदगडकडच्या धनगरवाड्यावरचे. वाड्याच्या वर सडा. सपाट कातळ आणि त्यावर नजर पोचेल तिथवर गवत. ते गवत असंच उगवत नव्हतं, बायका राखत होत्या. भादव्यात रानमोडी फुलायच्या आत मुळासकट उपटायची. ते बाहेरून आलेलं झुडूप एकदा मातलं की खाली गवताचं पातं येत नाही आणि म्हैस त्याला तोंड लावत नाही. मग मार्गशीर्षात, बुडाशी दव असताना, एकेक तुकडा जाळायचा. चुलीतला निखारा खापरात घेऊन आई पुढं. आधी काठीनं गवत झोडपत चक्कर मारायची, "उठा, लेकरं घिऊन उठा गं." ससे, लावे निघून जायचे. मग वाऱ्याच्या उलट जाळ लावायचा. तो रांगत जायचा, दुपारी विझायचा. शेजारचा तुकडा त्या वर्षी पाखरांसाठी राखायचा. माझी आजी हेच करायची. साहेबांच्या लेखी हा गुन्हा.

त्या दिवसानंतर आईनं काडी हातात धरली नाही. चूलसुद्धा मी पेटवायची. जाळ धरला की मग ती पुढं सरकायची आणि भाकरी थापायची. का, म्हणून मी कधी विचारलं नाही. विचारायचं काय त्यात?

रानमोडी कमरेला आली, मग डोक्यावरून गेली. गवतातली चंडोल पाखरं दिसेनाशी झाली. चारा नाही म्हणून एक सोडून साऱ्या म्हशी विकल्या. जिथं गवत उरलं तिथं ते वर्षानुवर्षं वाळून पडलं. साहेब येऊन बघायचे आणि म्हणायचे, छान, हिरवं झालंय.

गेल्या चैत्रात खालच्या रस्त्याकडनं वणवा आला. कुणी लावला, देव जाणे. आमचा जाळ रांगायचा, हा पळत आला. देवराई गेली. आमचा गोठा गेला, आत बांधलेली गाभण म्हैस गेली. आई अंगणात उभी होती. तिनं माझा दंड घट्ट धरला.

"म्या न्हाय लावली. सांग की त्यास्नी."

गोठा जळत होता आणि माझी आई स्वतःची सफाई देत होती. म्हशीचं दुःख मी विसरेन. हे वाक्य नाही विसरणार.

दुसऱ्या दिवशी जीप आली. साहेब नवे होते, बोलणं जुनंच. "तुमच्यातलंच कोणीतरी असणार. जित्याची खोड. माफी मागा, विषय मिटवू."

आईचे हात आपोआप कानांकडं गेले.

मी ते धरले. खाली ओढले. "हात खाली घे, आये." मग साहेबांकडं वळले. "आमचा जाळ तुम्ही बंद केलासा. त्यानं हे जळलं. माफी कुणी मागायची?"

"बाई, आवाज खाली."

केला नाही.

यंदा भादव्यात वाड्यावरच्या झाडून साऱ्या बायका रानमोडी उपटायला उतरल्या. तळहात सोलून निघाले, तरी निम्मा सडाही मोकळा झाला नाही. मार्गशीर्षात जाळ लावणार, हे मी कचेरीत स्वतः जाऊन सांगून आले. गुन्हा दाखल होईल, म्हणाले. करा म्हटलं.

आईला विचारलं, येतीस का. तिनं नको म्हणून मान हलवली. सड्यावर ताठ मानेनं चालणारी माझी आई त्यांनी त्या व्हरांड्यात संपवली, आणि ती मला परत मिळणार नाही. ती घरात बसेल. जाळ मी लावणार, दिवसाढवळ्या, आणि पूर्ण विझेपर्यंत तिथून हलणार नाही. ज्याला यायचं त्यानं यावं.