मोरटेंबावरचा न उभारलेला टॉवर

खरं सांगायचं तर या सदरातले अनुभव मी आजवर फक्त करमणूक म्हणून वाचत आले. कोणाला पिंपळाखाली बाई दिसते, कोणाला रिकाम्या घरात पावलं ऐकू येतात... मी चहा पीत वाचायचे आणि पान उलटायचे. माझं कामच असं आहे की सगळं मीटरमध्ये मोजून, सही करून द्यावं लागतं. जे मोजता येत नाही ते माझ्या कागदावर येतच नाही. निदान मागच्या वर्षीपर्यंत येत नव्हतं.

आधी काम सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. विमानं आभाळात मोकळी उडतात असं आपल्याला वाटतं, पण आभाळालाही हद्दी असतात. प्रत्येक विमानतळाभोवती ठराविक उंचीपासून वर एक राखलेला भाग असतो. परवानगीशिवाय तिथे कोणी शिरायचं नाही. लहान, आडबाजूच्या विमानतळांना हा भाग अगदी जेमतेम असतो. ऊन असेल, धावपट्टी डोळ्यांनी दिसत असेल तर तेवढा पुरतो. पण पावसाळ्यात ढग खाली आले की पायलटला नुसत्या यंत्रांच्या भरवशावर उतरावं लागतं. त्यासाठी उतरण्याची वाट नव्याने आखायची आणि ती पूर्ण वाट आत येईल अशी हद्द वाढवायची — हे माझं काम. वाटेखाली डोंगर, झाड, टॉवर काय काय आहे ते आधी मोजावं लागतं. एक जरी चुकलं तरी...

तर मागच्या फेब्रुवारीत मी अशाच कामासाठी सिंधुदुर्गात गेले होते. मालवण आणि वेंगुर्ल्याच्या मधे, समुद्रापासून जवळ, कातळाच्या सड्यावर, म्हणजे उघड्या पठारावर, विमानतळ आहे. पावसाळ्यात तिथली कितीतरी विमानं रद्द व्हायची. मी मूळची शिरोड्याची, त्यामुळे हे काम माझ्याकडे आलं तेव्हा मनातून बरं वाटलं होतं. राहायला कुडाळला होते. सोबत सावंत नावाचे मोजणीदार होते, पन्नाशीचे, पिंगुळीचे. जीपही तेच चालवायचे.

त्या दिवशी सकाळचे अकरा वाजले असतील. सावंत यंत्र घेऊन सड्याच्या दुसऱ्या टोकाला गेले होते, साधारण अर्धा किलोमीटर लांब. मी एका दगडावर वही घेऊन बसले होते. लख्ख ऊन. तेवढ्यात पायवाटेने एक बाई वर आली. साठीच्या आसपासची, लाल लुगडं, डोक्यावर माशांची रिकामी पाटी. उजव्या भुवईवर जखमेचा जुना वण. चालणं अगदी चटचट. माझ्याजवळ येऊन थांबली.

"काय मोजतंस गो बाय?"

मी सांगितलं, पावसातसुद्धा विमान उतरावं म्हणून डोंगर मोजतोय.

"बरां करतंस. मगे मोरटेंबावरचो टॉवर धरलंस काय?"

मोरटेंब म्हणजे ईशान्येकडची टेकडी. माझ्या यादीत ती होती, पण तिच्यावर टॉवर नव्हता. म्हटलं, "तिथे टॉवर आहे?"

"आसा तर! लोखंडी, तांबडो-पांढरो. तीन माड एकार एक ठेवलंस तर जेवढे होतीत, तेवढो. माझो झील थंयच कामाक आसा." हे सांगताना ती हसली... म्हणजे कशी सांगू? शाळेत मुलाचा पहिला नंबर आल्यावर आई हसते ना, तशी.

मी वहीत लिहिलं — 'मोरटेंब, टॉवर, अंदाजे ६० मी.?' मान वर केली तर ती उतरणीला लागली होती. सावंत परत आले तेव्हा त्यांनीच विचारलं, "मॅडम, ती लाल लुगड्यातली बाई कोण होती? लांबून बघितलं मी." म्हणजे मला एकटीलाच दिसली असंही नाही. हे मुद्दाम लिहितेय. त्या पानावर सावंतांची सहीसुद्धा आहे, कारण रोजच्या नोंदीवर दोघांची सही लागते.

दुपारी आम्ही मोरटेंबावर गेलो. कातळ, करवंदीच्या जाळ्या, चार काजूची झाडं. बस. टॉवर तर सोडाच, खणलेला खड्डासुद्धा नव्हता. खाली वाडीत एका दुकानदाराला विचारलं. तो म्हणाला, "टॉवर? ओ मॅडम, हंय फोन लावूक लोकां तीन मैल चलान जातत!"

गैरसमज झाला असेल म्हणून मी विषय सोडून दिला.

पण ऑफिसात परत येऊन नकाशा उघडला आणि माझी मलाच चीड यायला लागली. मी आखलेली उतरायची वाट नेमकी मोरटेंबावरून जात होती. मोकळ्या टेकडीसाठी सगळं नियमात बसत होतं. उगाच, फक्त बघावं म्हणून, मी तिथे साठ मीटरचा टॉवर टाकला. वाट नियमात बसेना. टॉवर काढला, बसली. असं मी किती वेळा केलं असेल कोण जाणे. शेवटी वाट पश्चिमेकडे, समुद्रावर सरकवली. त्याबरोबर राखलेल्या आभाळाची हद्दही बदलावी लागली. आधी जवळजवळ गोल होती, आता समुद्रात एक लांब हात गेल्यासारखी झाली. सगळा हिशेब पुन्हा, शेजारच्या हद्दीवाल्यांची संमती पुन्हा. पावसाळ्याआधी काम होईल की नाही याची धाकधूक.

माझे साहेब म्हणाले, "आधीची वाट चांगली होती की. का बदललीस?"

मी म्हटलं, "सर, समुद्रावर डोंगरच नाहीत. पुढे कधी काही बांधलं तरी अडचण नको." हे खोटं नव्हतं. पण खरं कारणही नव्हतं. साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि सही केली.

एप्रिलमध्ये आमच्या टेबलावर एक अर्ज आला. विमानतळाजवळ मोबाईल टॉवर उभारायला हरकत आहे का, असं विचारणारा. जागा — मोरटेंब. उंची — साठ मीटर.

मी फेब्रुवारीची वही काढून ते पान पुन्हा वाचलं. आधी वाटलं, तेव्हाच टॉवर कंपनीचं ठरलेलं असणार आणि गावात कुणकुण असणार. मी कंपनीला फोन करून विचारलं. ते म्हणाले, जागा मार्चअखेर बघितली, त्याआधी दुसऱ्याच टेकडीचा विचार होता. म्हणजे फेब्रुवारीत हे कोणालाच माहीत असणं शक्य नव्हतं. आणि गंमत बघा... वाट आधीच्या जागी असती तर मला त्या अर्जावर 'हरकत आहे' असंच लिहावं लागलं असतं. टॉवर झालाच नसता. वाट सरकली होती म्हणून मी 'हरकत नाही' लिहिलं. यावर मी आजही विचार करते आणि डोकं गरगरतं.

मेअखेरीस टॉवरची उंची आणि वरचा लाल दिवा तपासायला मी आणि सावंत पुन्हा गेलो. तांबडा-पांढरा, लोखंडी. काम संपत आलं होतं. तिथला मुकादम पस्तिशीचा, काळासावळा, दोरखंडावर माकडासारखा चढणारा. नाव सुनील. त्याने आम्हाला पाणी दिलं. मी सहज म्हटल्यासारखं विचारलं, "तुमची आई मासे विकते का? भुवईवर वण आहे?"

तो चपापला. "व्हय. तुमी ओळखतास?"

"फेब्रुवारीत सड्यावर भेटल्या होत्या. म्हणाल्या, माझा मुलगा टॉवरच्या कामावर आहे."

त्याने हातातला पाण्याचा तांब्या खाली ठेवला. मग म्हणाला, "मॅडम, फेब्रुवारीत मी आफ्रिकेच्या बंदरात जहाजार होतंय. बापाशीशी भांडान घर सोडलंय तेका चार वर्सां झाली. फोन नाय, कागद नाय. बापूस गेलो ता पण माका म्हायत नव्हता. मी एप्रिलात घराक इलंय."

तो आम्हाला घरी घेऊन गेला. टेकडीच्या पायथ्याशीच घर. ओट्यावर ती बसली होती. तोच चेहरा, तोच वण. पण बाजूला काठी, आणि दोन्ही गुडघे सुजलेले. तिने माझ्याकडे बघितलं ते अगदी अनोळखी माणसाकडे बघतात तसं.

मी सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "गो बाय, सहा वर्सां झाली, मी त्या सड्यार चढूक नाय. मासे पण सोडलंय. हंयसून तुळशीपर्यंत जाताना देव आठवता."

"पण मी तुम्हालाच बघितलं."

"कोणाक तरी बघितलं आसशीत." मग तिने विचारलं, "ती कशी होती? रडत होती?"

"नाही. हसत होत्या. तुमच्या मुलाबद्दल सांगताना हसत होत्या."

तिने पदर तोंडाला लावला. "फेब्रुवारीत तर माका म्हायत नव्हता, तो जित्तो आसा का नाय. रोज सकाळी त्या दाराकडे बघून मी देवाक हात जोडी होतंय. आणि तू सांगतंस मी हसत होतंय?"

मी म्हटलं, "हो." सुनील दारात उभा होता, पाठ करून. सावंत चपला शोधत अंगणात गेले, त्या त्यांच्या पायातच होत्या.

जुलैत नवी हद्द लागू झाली. त्यानंतरच्या पहिल्या ढगाळ दुपारी मी मुद्दाम विमानतळावर होते. ढग इतके खाली की समोरची झाडं पुसट. याआधी असतं तर विमान वाटेतून परत फिरलं असतं. प्रतीक्षागृहात वैभववाडीकडचं एक जोडपं होतं, कडेवर दीड वर्षाची मुलगी. तिच्या हृदयाचं ऑपरेशन मुंबईत ठरलेलं आणि दोन वेळा विमान रद्द झाल्यामुळे तारीख गेलेली. बाप सारखा काचेकडे जात होता. मग समुद्राच्या बाजूने आवाज आला, आणि ढगातून दिवे बाहेर आले. अगदी आखलेल्या रेषेवर. मुलीने त्या दिव्यांकडे बोट दाखवलं. तासाभराने ते तिघं गेले. ऑपरेशन चांगलं झालं, हे मला नंतर कळलं.

त्या संध्याकाळी कुडाळला परतताना मी सुनीलच्या घरी डोकावले. पावसाची भुरभुर होती. त्याची आई चुलीपाशी होती. मी तिला पुन्हा एकदा विचारलं — काही आठवतं का, एखादं स्वप्न, एखादा भास? सावंतांना विचारून झालं होतं, दोन डॉक्टर मित्रांना विचारून झालं होतं. एकाने योगायोग म्हटलं, दुसऱ्याने विषय बदलला. ते वहीचं पान मी अजूनही कधीकधी उघडून बघते. माझंच अक्षर, सावंतांची सही, आणि ज्या दिवशी तिथे फक्त काजूची झाडं होती त्या दिवसाची तारीख. माझ्याकडे याचं काहीही स्पष्टीकरण नाही. तुमच्यापैकी कोणाकडे असेल तर जरूर लिहा, मी मनापासून वाचेन.

सुनीलच्या आईकडेही नव्हतं. तिने हातातली फुंकणी खाली ठेवली आणि म्हणाली,

"कित्याक इतक्यांदा इचारतंस गो? माझो झील घराक इलो. तुझां इमान ढगातसून उतारलां. आता बस हंय, चाय घे."

मी बसले. चहा घेतला.