पाचव्या गाडीचा घसा

गॅरेजात त्यांना सगळे कानमिस्त्री म्हणत. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे. मिनिटभरात निदान. ते सहसा चुकत नसे.

त्यांचा जीव एकाच गाडीवर होता. चार दारांची, छोटेखानी, आतून राजेशाही आणि पळायला कायम उतावळी. चाळीस वर्षांत तिच्या पाच पिढ्या निघाल्या. पहिली चौकोनी, चार सिलिंडरची, भांडकुदळ. दुसरी जरा लांबली. तिच्यात सहा सिलिंडर एका रांगेत बसले आणि आवाज रेशमी झाला. तिसरी खर्जातली. "भरल्या पोटी गाणाऱ्या गवयासारखी," असं ते म्हणत. चौथीत वायरीच वायरी आल्या. तेव्हा त्यांची मुलगी कॉम्प्युटर घेऊन गॅरेजात उभी राहिली.

प्रत्येक पिढीचं तेलाचं एकेक झाकण त्यांनी फळीवर ओळीनं मांडलं होतं. पाचवी जागा रिकामी होती.

पाचवी पिढी पहिल्यांदा आली ती एका मुख्याध्यापिका बाईंची. वेग घेतला की खरखरते, अशी तक्रार. मुलीनं कॉम्प्युटर जोडला. दोष शून्य. कानमिस्त्री स्टिअरिंगमागे बसले, ऐकलं आणि छातीठोकपणे म्हणाले, "इंजिनाखालचं रबर गेलंय."

रबर बदललं. आठ दिवसांत बाई परत दारात. खरखर तशीच.

"होतं बाबा कधी कधी," मुलगी म्हणाली.

"मला नाही होत."

खरी धास्ती त्यांनी सांगितलीच नव्हती. आत बसलं की त्यांना सहा सिलिंडर ऐकू येत. बॉनेट उघडून स्क्रूड्रायव्हर टेकवला की चारच. आणि गाडीत होते चारच. जे नाही ते ऐकू येतंय, म्हणजे कान गेले. कान गेले, मग उरलं काय? नुसता मिस्त्री.

"हिचं कळलं नाही, तर हा स्क्रूड्रायव्हर तुझा," ते म्हणाले. "मी हे काम सोडतो."

"मला कशाला? डबे उघडायला?" मुलगी म्हणाली खरी, पण हसली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आल्या आल्या त्यांनी तिला गाडीत बसवलं. "जागच्या जागी रेस कर." स्वतः स्क्रूड्रायव्हर घेऊन फिरले. बॉनेटखाली खरखर नाही. डॅशबोर्डला नाही. दाराला नाही. बाजूच्या सीटखाली वाकले आणि तिथंच थिजले.

"परत दाब."

खरखर मुठीतून थेट कानात आली.

"पोरी, इंजिन सीटखाली आहे."

"बाबा, पाणी आणू का?"

"थट्टा पुरे. सहा सिलिंडरचं आहे. ये, स्वतः ऐक."

त्यांनी रेस धरली. ती गुडघ्यांवर बसली, मूठ कानाला लावली आणि कपाळावर हात मारून घेतला. "अहो, हा स्पीकर आहे! इंजिन लहान केलं, आवाज बारीक झाला. गिऱ्हाईक हिरमुसू नये म्हणून भरदार आवाज स्पीकरमधून सोडतात. मी कुठंतरी वाचलंही होतं. स्पीकरचा पडदा फाटलाय, बाबा. कॉम्प्युटरला तो कुठून दिसणार?"

कानमिस्त्री तोंडाचा आ करून बघत राहिले. ते आता चिडणार, असं तिला वाटलं. पण त्यांनी तिला रेस धरायला बसवलं आणि परत मूठ कानाला लावली.

"आवाज कुणाचा घेतलाय?"

"म्हणजे?"

"कुणाचा तरी असणारच." डोळे मिटले. थोड्या वेळानं चेहरा उजळला. "तिसरीचा! तिचाच खर्ज. निवडणाऱ्याला कान आहे."

"म्हणजे तुमचे कान—"

"शाबूत आहेत. आता याची वायर काढ. हिचा स्वतःचा आवाज ऐकू दे."

तिनं वायर काढली. त्यांनी काचा लावून घेतल्या, रेस दिली. खरखर गेली, खर्जही गेला. उरला एक किरटा, तडतडा, तक्रारखोर आवाज. ते कितीतरी वेळ ऐकत बसले. मग काच खाली करून ओरडले, "अगं, ही तर पहिलीची नात! तस्संच भांडते!"

संध्याकाळी बाई आल्या. "काय निघालं शेवटी?"

"घसा बसला होता," कानमिस्त्री म्हणाले. "नवा घातलाय."

फाटका स्पीकर फळीवर पाचव्या जागी गेला होता. स्क्रूड्रायव्हर त्यांच्याच खिशात होता.